सॉफ्ट प्लास्टिकच्या शेपट्या तुटतात, मासा एकही नाही. मदत हवी आहे

तिरकागळ:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे. सलग चौथा रविवार फुकट गेला. शॅड (रबरी मासोळी) टाकतो, टकटक लागते, झटका मारतो, हाताला काही नाही. ओढून बघतो तर शेपूट गायब. आतापर्यंत ११ शेपट्या गेल्या. बायको म्हणते, एवढ्या पैशात बाजारातून मरळ आणून वर कोथिंबीरही आली असती. रंग बदलू का? की दुसऱ्या कंपनीचे घेऊ? लवकर सांगा, पहाटे परत निघायचंय.

नदीकाठचा:
पाणी कुठलं? खोली किती? शॅड केवढा, जिगहेड (वजनदार डोक्याचा गळ) किती ग्रॅमचा? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर मात्र पहाटेच्या आत पाहिजे.

पेंडवाला:
हे रबरी नखरे सोडा हो. शेंगदाण्याची पेंड, मैदा, चिमूटभर हिंग. गोळा करून टाका आणि घंटी लावून निवांत बसा. मागच्या महिन्यात रोहू काढला, दोन्ही हातांत मावत नव्हता.

तिरकागळ:
पेंडवाले काका, रोहू नकोय. रोहू शॅडवर येत नाही एवढं मलाही कळतं. मला मरळ पाहिजे. धरण पुण्याजवळचं आहे. शॅड नेहमीचाच.

रानवेडी:
पुण्याजवळची धरणं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, दादा. आणि "नेहमीचा" म्हणजे कोणाच्या नेहमीचा?

कायद्याचं_बोला:
सध्या मासेमारी बंदी आहे. १ जून ते ३१ जुलै. आधी ते बघा.

रानवेडी:
ती समुद्रातल्या यांत्रिक बोटींना. धरणावरचा हक्क बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, परवानगी त्यांची लागते. तिरकागळ, घेतलीय ना?

तिरकागळ:
घेतलीय. भाटघरचं बॅकवॉटर. संस्थेच्या माणसाला विचारूनच बसतो. शॅड ४ इंची, जिगहेड १० ग्रॅम, दुकानदारानेच दिला. जिथे टाकतो तिथे पाणी कमरेएवढं असेल. आता सांगा, कुठला रंग?

ब्रेडप्रेमी:
रंगाचं नंतर. दोरा कुठला? तंगूस असेल तर तिथेच चुकलात. तंगूस ताणतो, झटका गळापर्यंत पोचतच नाही. २० पौंडाचा ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, लावा.

पेंडवाला:
आमच्या वडिलांनी अख्खं आयुष्य तंगुसावर काढलं. मासे काय हवेतून आले?

ब्रेडप्रेमी:
तुमच्या वडिलांनी पेंड टाकली, काका. पेंड मासा गिळतो. रबर तो थुंकतो. फरक आहे.

इतिहासखोर:
माहितीसाठी: पहिला यशस्वी प्लास्टिकचा गांडूळ निक क्रीम नावाच्या माणसाने अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रनला, १९४९ साली घरच्या घरी बनवला.

रानवेडी:
धन्यवाद. त्याची शेपूट तुटायची का?

नदीकाठचा:
कमरेएवढ्या पाण्यात १० ग्रॅम म्हणजे शॅड पोहत नाही, धोंड्यासारखा बसतो. ३-४ ग्रॅमच्या वर जाऊ नका. पण मला संशय वेगळाच आहे. तुटलेल्या शेपटीची कड कशी दिसते? आणि काठालगत तळाच्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे दिसतात का? शॅड गळावर लावलेला असतानाचा फोटोही टाका.

तिरकागळ:
फोटो टाकला. कड साफ आहे, नखाने खुडल्यासारखी. खळगे आहेत खरे, भरपूर. मला वाटलं म्हशी बसतात.

नदीकाठचा:
म्हशी नाहीत, चिलापी! ते नराने खणलेले खळगे. तिथे जो शिरेल त्याला तो हुसकावतो, तुमचा शॅड त्याच्या अंगणात जाऊन पडतोय. तोंड लहान, त्यामुळे ४ इंची अख्खा आत जात नाही, शेपूट तेवढी खुडली जाते. गळ पुढे मानेपाशी, दात मागे. लागणार कसा? मरळ घेते तेव्हा पाणी डबकन फुटतं, अशी टकटक करत बसत नाही.

फोटोत दुसरी भानगड. शॅड केळ्यासारखा वाकलाय. पाण्यात गरगर फिरत असणार, दोऱ्याला पीळही पडत असेल. लावण्याआधी शॅड जिगहेडच्या शेजारी आडवा धरा. गळाचा बाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा. नाकातून टोक घाला आणि त्याच खुणेवर, पाठीवरच्या शिवणीतून बाहेर काढा. शिवण सोडून केसभर बाजूला निघालं तरी काढून पुन्हा लावा. भोक सैल झालं तर तो शॅड बाद.

त्या खळग्यांपाशी दीड-दोन इंची काहीतरी लावा, १-२ ग्रॅमवर, बारीक गळ. तळाला टेकवा, वीतभर ओढा, थांबा. रंगाने फार बिघडत नाही.

ब्रेडप्रेमी:
असहमत. गढूळ पाण्यात काळा किंवा पोपटी. आणि ब्रेड.

चुलीवरचं:
चिलापीला नावं ठेवतात लोक, पण भिगवणला जाऊन खाऊन बघा. आलं-लसूण, आमसूल, वरून रवा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे खाल्लेत का कोणी? आमच्याकडे रायगडात...

इतिहासखोर:
चिलापी आपली नव्हेच. १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणली.

रानवेडी:
मरळच पाहिजे तर खळगे सोडा, गवताची कड धरा. मरळ हवा घ्यायला वर येते, दहा मिनिटं नुसतं बसलात तरी जागा कळते. पोकळ रबरी बेडूक टाका. पाणी फुटलं की लगेच झटका नाही, मनात एक-दोन म्हणा, मग. वर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर गळ गुंडाळा. आईबाप खाली राखणीला असतात, ते काढले की पिल्लं संपली.

तिरकागळ:
आलो जाऊन. दोन इंची नव्हता, म्हणून एका रबरी गांडुळाचा दीड इंच तुकडा कापून लावला. शिवण बघून, सरळ. ५ चिलाप्या! मोठी तळहाताएवढी. बायकोने तळल्या, बोलली काही नाही, पण दोन खाल्ल्या. आता मरळीसाठी बेडूक आणलाय, लांब ताणणारे ते नवे शॅडही आणले. पण उरलेल्या जुन्या शॅडबरोबर एकाच डब्यात ठेवले होते, तर नवे-जुने मिळून चिकट गोळा झालाय. बेडकाचा पाय त्यात अडकलाय. उन्हाने झालं का?

नदीकाठचा:
उन्हाने नाही. ते च्युइंगगमसारखे लांबणारे वेगळ्या रबराचे. जुन्या मऊ प्लास्टिकला चिकटून राहिले की दोन्ही विरघळतात. ज्याच्या त्याच्या पाकिटात ठेवायचे. डबा साध्या कडक प्लास्टिकचा असेल तर त्याचाही तळ गेला असेल, बघा. डबा कुठला?

तिरकागळ:
बायकोचा. हळदीचा.