उन्हाळ्यातली बिनपगारी ओजेटी: मुलांचा खर्च विद्यापीठाने उचलावा की नाही?

तापीकाठ

मंडळी, नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना ओजेटी, म्हणजे ऑन द जॉब ट्रेनिंग आली. ४ श्रेयांक (क्रेडिट), एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम करायचं. आपल्याकडे बहुतेक मुलं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकतात. बहुतेक ठिकाणी एक रुपया मिळत नाही.

माझी भाची चोपडा तालुक्यातली, बी.ए.ला इतिहास घेतलाय. तिला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जायचं होतं. १९२७ पासूनची संस्था, जुनी दप्तरं, हस्तलिखितं, मोडी कागद. पोरीने मोडीची बाराखडी घरीच गिरवली होती, वहीची चाळीस पानं भरलेली मी स्वतः पाहिलीत. मग आम्ही खर्च मांडायला बसलो: धुळ्यात तीन आठवडे खोली, मेस, जाणं-येणं. दाजींनी आकडा पाहिला आणि उठून गोठ्याकडे गेले. केळीला तेव्हा भाव नव्हता. शेवटी तिने गावातल्याच एका झेरॉक्सच्या दुकानातून १२० तासांचा शिक्का आणला. गुण चांगले मिळाले. मोडीची वही माळ्यावर गेली.

सरकारी योजना आहेत, पण या मुलांना बाहेर ठेवून. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. केंद्राची इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षीची, सुरुवातीला महिन्याला ५,०००. दोन्ही आल्या तेव्हा त्यांत नियमित शिक्षण चालू असलेला चालत नव्हता. म्हणजे ज्याला काम शिकणं सक्तीचं, त्यालाच काही नाही.

अमेरिकेतली बरीच विद्यापीठं बिनपगारी उन्हाळी इंटर्नशिप करणाऱ्या पदवीच्या मुलांना स्वतः निधी देतात. मुलगा अर्ज करतो, कुठे जाणार, काय शिकणार, राहण्याखाण्याला किती लागणार ते लिहून देतो. माझं म्हणणं, आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने असा उन्हाळी निर्वाह निधी काढावा. गरजू मुलाला एका उन्हाळ्याचे ५,००० रुपये. तुम्हाला काय वाटतं?

फायलीतला मास्तर

तापीकाठ, भाचीची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण मागणीला माझा विरोध आहे.

पैसा कथाईन येई? अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांकडे माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून साठलेल्या ठेवी असतात, त्यांच्या व्याजावर असले निधी चालतात. आपलं विद्यापीठ १९९० मध्ये पुण्यापासून वेगळं झालं, जळगाव-धुळे-नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं. त्याच्या हातात जो स्वतःचा पैसा येतो त्यात परीक्षा शुल्काचा वाटा मोठा. ते शुल्क कोण भरतं? केळीच्या बागेत घड वाहणाऱ्याचा मुलगा भरतो. त्याच्या शुल्कातून दुसऱ्याच्या मेसचं बिल द्यायचं, हे मला पटत नाही.

दुसरं, मी दरवर्षी ओजेटीच्या फायली तपासतो. यंदा एका गठ्ठ्यात अकरा रोजनिश्या अशा निघाल्या की तारीख वेगळी, नाव वेगळं, मजकूर एकच: "आज यंत्राची माहिती घेतली." दुसऱ्या दिवशी "आज यंत्राची सखोल माहिती घेतली." अशा कागदाला पैसे जोडले तर झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लागेल.

मुलं लांब पाठवायचीच कशाला? गावची ग्रामपंचायत, दूध संघ, प्राथमिक आरोग्य केंद्र, विकास सोसायटी, तिथे करा १२० तास. घरची भाकरी बांधून न्या.

भुसावळकर

सर, कमवा व शिका योजना आपल्या कॉलेजांत चालतेच ना? कर्मवीर भाऊराव पाटलांचा विचार. मी ग्रंथालयात पुस्तकांना आकडे टाकून दोन वर्षं हातखर्च काढला. तिथे तासाचे पैसे देता येतात, तर इथे का नाही? नवा निधी नको, त्याच योजनेत उन्हाळा घाला.

खतावणी

विरोध, पण मास्तरांच्या कारणासाठी नाही.

मी बी.कॉम. झालो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात दीड महिना बसलो. नाव घेत नाही. सकाळी दहा ते रात्री आठ. कापड दुकानदारांची खरेदी-विक्रीची बिलं पिशव्या भरून यायची, मी एकेक बिल टॅलीत चढवायचो. जीएसटी नंबर, तारीख, रक्कम, कर. पहिल्या चार दिवसांत शिकलो ते शिकलो, पुढचे पस्तीस दिवस मी नुसता हात होतो. त्या प्रत्येक पिशवीचे साहेबांनी ग्राहकाकडून पैसे घेतले. मला शेवटच्या दिवशी पेढ्याचा बॉक्स आणि प्रमाणपत्र.

आता विद्यापीठाने माझ्या मेसचे पैसे दिले असते तर काय झालं असतं? साहेबांना पुढच्या वर्षी दोन मुलं फुकट मिळाली असती, कायमची. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा आहे, त्यात मालकाने विद्यावेतन द्यायचं ठरलेलं आहे. ओजेटीच्या नावाखाली त्यातून सुटका मिळते. अमेरिकेचं उदाहरण दिलंत ना? तिथे खासगी कंपनीला इंटर्न फुकट ठेवायचा असेल तर या व्यवस्थेत मुख्य फायदा कोणाचा, मुलाचा की कंपनीचा, हे आधी पाहिलं जातं. फायदा कंपनीचा असेल तर मजुरी द्यावी लागते. व्हाइट हाऊसने सुद्धा २०२२ पासून आपल्या इंटर्नना पैसे देणं सुरू केलं. आपण उलटं, मालकाचा बोजा विद्यापीठावर टाकायला निघालोय.

जो कमावतो त्याने द्यावं.

चटईवाला, एमआयडीसी

खतावणी भाऊ, तुमच्या साहेबाने चूक केली. पण सगळे मालक एका मापात मोजू नका.

माझा जळगावला प्लास्टिक चटईचा छोटा कारखाना. दरवर्षी तीन-चार मुलं घेतो, कॉलेजचे सर ओळखीचे म्हणून. आमच्याकडे दाणा वितळवून पट्टी ओढायचं यंत्र आहे, पुढे लूम. उष्णता पाच-दहा अंश इकडेतिकडे झाली की पट्टी तुटते, मग सगळं थांबवून पुन्हा ओवावं लागतं. नवीन पोरगं पहिले आठ दिवस फक्त उभं असतं. त्याला समजावायला माझा जुना कारागीर थांबतो, तेवढा त्याचा माल कमी निघतो. मे महिन्यात शेडमध्ये काय गरमी असते ते जळगावकरांना सांगायला नको. पोरगं चक्कर येऊन पडू नये म्हणून ताक मी पाजतो. १२० तास म्हणजे आठ तासांचे १५ दिवस. त्याला जमायला लागतं तोवर तो जातो.

उद्या विद्यावेतन सक्तीचं केलंत तर मी सरांना नम्रपणे नाही सांगेन. माझ्यासारखे बरेच सांगतील. मग मुलं जाणार कुठे?

खतावणी

दादा, तुमचं १५ दिवसांचं मान्य. तुम्ही शिकवता, म्हणून तुमच्याकडे पैसे मागणार नाही. पण महिना-दीड महिना राबवून घेणाऱ्याला ही सूट मिळता कामा नये.

आकराणीची

नमस्कार. मी धडगाव तालुक्यातली. बी.एस्सी., रसायनशास्त्र. ओजेटी मागच्या उन्हाळ्यात केली, खरी केली, म्हणून लिहिते.

मास्तर सर, तुम्ही म्हणालात गावातच करा. आमच्या पाड्यावर ग्रामपंचायतीचं कार्यालय आहे, ग्रामसेवक भाऊ आठवड्यातून एकदा येतात. रसायनशास्त्राचं तिथे काय करू? माझ्या विषयाचं सगळ्यात जवळचं काम मला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत मिळालं. त्यासाठी घाट उतरून जिल्ह्याच्या गावाला राहावं लागलं.

एप्रिल-मे हाच मातीचा हंगाम. रब्बी निघालेली असते, शेतं मोकळी, शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात. ढेकळं लाकडी हातोडीने फोडायची, सावलीत वाळवायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. मग सामू, म्हणजे मातीचा पीएच. एक भाग माती, अडीच भाग पाणी, मधूनमधून ढवळायचं आणि थांबायचं. पहिल्या दिवशी मी मीटरची कांडी न धुता दुसऱ्या नमुन्यात बुडवली. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी दोन्ही नमुने मला परत करायला लावले. एका काकांच्या मातीचा सामू ८.६ आला. मॅडम म्हणाल्या, आता तूच त्यांना सांग. मी सांगितलं, तुमची जमीन चोपण, म्हणजे खारवट-चिकट होत चाललीय, पाण्याचा निचरा पाहा, शेणखत वाढवा. काका माझ्याशी पावरीत, आमच्या बोलीत बोलायला लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी काय शिकतेय ते कोणाच्या तरी कामाचं आहे.

आता खर्च. आमचं वसतिगृह परीक्षा संपली की रिकामं करावं लागतं, म्हणून खोली १,८०० रुपये. मेस २,६००. जाणं-येणं ७००, एसटीत बायांना अर्ध तिकीट आहे म्हणून एवढ्यात भागलं. ॲप्रन, वही, प्रिंट ३५०. झाले ५,४५०.

पण खरा खर्च हा नाही. मे महिन्यात आमच्याकडे आमचुराचं काम असतं. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या, खडकावर वाळत घालायच्या, वळवाचं आभाळ आलं की धावत जाऊन गोळा करायच्या. आई आणि मी दोघी मिळून करतो. त्याआधी मोह, मग चारोळी. माझी फी, कपडे, मोबाइलचा रिचार्ज यातूनच निघतो. मी तीन आठवडे नव्हते, आईचा अर्धा आमचूर एका पावसात काळा पडला. त्याला व्यापाऱ्याने निम्मा भाव दिला. म्हणजे माझ्या घरून ५,४५० गेले आणि वर तेही गेलं.

खतावणी दादा, मी होते त्या प्रयोगशाळेत माझ्यामुळे कोणाला नफा झाला नाही. तिथे मालकाकडून कसे मागायचे?

फायलीतला मास्तर

ताई, "गावातच करा" हे मी विषय न पाहता लिहिलं. ते मागे घेतो. उन्हाळ्याची कमाई बुडते हे तर मी मोजलंच नव्हतं. फायलीत ते दिसत नाही.

परीक्षा शुल्काचा मुद्दा मात्र सोडत नाही. निधी करायचाच तर तीन जिल्ह्यांतल्या उद्योजकांकडून, सहकारी संस्थांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून उभा करा. अधिसभेत माजी विद्यार्थ्यांचे म्हणजे नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात, त्यांना विचारा ना, मतं मागायला येतात तेव्हा. आणि रोजनिशी तपासायला कोणीतरी प्रत्यक्ष जागेवर जायला हवं. मी जाईन, माझ्या तालुक्यापुरता.

चटईवाला, एमआयडीसी

माझ्याकडून वर्षाला एका मुलाचा खर्च. कारखान्यात आलेल्याच मुलाचा पाहिजे असं नाही, मातीवाल्या ताईंसारख्या कोणाचाही चालेल.

तापीकाठ

मी सुरुवातीला सरसकट सगळ्या गरजूंना म्हणालो होतो. खतावणींचं वाचून ते बदलतो. जिथे मुलाच्या कामातून धंदा होतो, तिथे विद्यापीठाने एक पैसा देऊ नये, तिथे मालकाने द्यावं. निधी फक्त अशा जागांसाठी ज्या शिकवतात पण कमावत नाहीत: माती-पाणी प्रयोगशाळा, पालचं किंवा नंदुरबारचं कृषी विज्ञान केंद्र, जळगावचं केळी संशोधन केंद्र, ग्रामीण रुग्णालय, राजवाडे मंडळ. चटईवाल्यांसारख्या १५ दिवस शिकवणाऱ्या छोट्या कारखान्यांचं काय, यावर माझं मन अजून ठरत नाही. मला वाटतं तिथे निदान प्रवासखर्च द्यावा. खतावणींना हे आवडणार नाही.

आणि वसतिगृहं. ती ऐन उन्हाळ्यात रिकामी पडून असतात आणि मुली १,८०० देऊन खोल्या शोधतात. ओजेटीवाल्यांसाठी एक मजला उघडा ठेवला तर निधीचा तिसरा हिस्सा तिथेच वाचेल. यात कोणाचा विरोध असेल असं वाटत नाही.

खतावणी

प्रवासखर्चालाही विरोध. आज प्रवास, उद्या जेवण. वसतिगृहाला पाठिंबा.

भुसावळकर

वसतिगृहाला माझाही. रेक्टर आणि पहारेकरी उन्हाळ्यात ठेवावे लागतील, तेवढं धरा हिशेबात.

आकराणीची

तापीकाठ दादा, निवेदन देणार असाल तर एक ओळ नक्की घाला. पैसे आधी द्यावेत. "आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग खात्यात येतील" असं केलं तर आमच्यातली एकही जाणार नाही. शिष्यवृत्तीचा आमचा अनुभव आहे, वर्ष संपून जातं तरी वाट पाहतो. मेसवाले पंधरा दिवसांचे आगाऊ घेतात, खोलीवाल्या काकूंनी पूर्ण महिन्याचे पहिल्याच दिवशी घेतले, तीनच आठवडे राहणार आहे सांगूनही. मी ते पैसे बाबांनी बी-बियाण्यासाठी ठेवलेल्यातून आणले होते. जूनमध्ये ते परत करायचे होते.

आणि भाचीला सांगा, मोडीची वही खाली काढ म्हणावं.