एका रविवारात गोधडी होत नाही

धावदोरा
परवा इथेच कुणीतरी लिहिलं होतं, "गोधडीला महिना घालवायचे दिवस गेले. रविवारी सकाळी कापड कापा, रात्री पांघरून झोपा. हाताचे टाके म्हणजे वेळ फुकट." उत्तर तिथेच लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मशीनचा मला राग नाही. पायमशीनवर तीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. पण त्या पोस्टमधली कृती काय होती? नव्या सुती कापडाच्या अडीच इंची पट्ट्या कापायच्या, तीन-तीन लांबीला जोडायच्या, त्या पुन्हा आडव्या अडीच इंचांवर कापून नऊ घरांचा चौकोन करायचा, मध्ये विकतचं वॅडिंग, म्हणजे भरायचा मऊ थर, घालायचं, वरून सरळ शिलाई मारायची. हे क्विल्ट आहे. चांगलंच असेल. त्याला गोधडी म्हणू नका. गोधडी अंगावरून उतरलेल्या कापडाची असते: लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी. आत वेगळं काही भरत नाहीत, कापडावर कापड हीच ऊब.

आणि तसं कापड मशीनखाली टिकत नाही. खालचे दात खालचा थर पुढे ओढतात, वरचा पाय वरचा थर दाबून धरतो. पाच थर असले की चुण्याच चुण्या. त्यात टाका बारीक ठेवला तर विरलेलं कापड त्या रेषेवर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. आईचं लुगडं मी असंच घालवलं आहे. दुसऱ्याच धुण्याला काठापासून वीतभर उसवलं, आणि शिलाई नव्हे, कापडच गेलं होतं. हाताचा धावदोरा सैल असतो, कापडाबरोबर हलतो. त्यात वेळ फुकट जात नाही.

मशीनवाली_वारजे
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला हरकत नव्हती, ताई.

तुमचं लुगडं फाटलं याचं वाईट वाटलं. पण दोष मशीनचा नाही, पायाचा आणि टाक्याचा आहे. वॉकिंग फूट नावाचा पाय मिळतो. त्याला स्वतःचे दात असतात, त्यामुळे वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे सरकतं. सुई चौदा नंबरची, टाका तीन मिलिमीटरच्या आसपास. थर चारचार बोटांवर सेफ्टी पिनांनी टाचून घ्यायचे आणि मधून बाहेर शिवत यायचं, म्हणजे चुणी कडेला निघून जाते. ब्लाउजचा पाय लावून पाच थर दामटले तर काय होणार?

एका दिवसाचं म्हणाल तर मी छत्तीस बाय पंचेचाळीस इंचांच्या दुपट्याबद्दल लिहिलं होतं, डबलबेडबद्दल नाही. तुकडे जोडताना मध्ये दोरा न तोडता एकामागून एक पायाखाली सोडायचे, सगळी माळ शेवटी कापायची. कडेला पट्टी लावत बसायचं नाही. उशीच्या अभ्र्यासारखं उलटं शिवायचं, हात जाईल एवढी फट ठेवायची, सुलटं करून फट बंद करायची. सकाळी नऊला बसले तर चहाच्या वेळेला दुपटं तयार. नोकरी करणाऱ्या बाईला एक रविवारच मिळतो, तेवढ्यात काहीतरी पुरं होऊ द्या की.

कात्री_आणि_काळ
हे भांडण अमेरिकेत होऊन गेलं आहे. शिवणयंत्राचं होवेचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. त्यानंतर काही वर्षांत तिकडच्या घराघरांतल्या क्विल्टांवर मशीनची शिलाई दिसू लागली. पट्ट्या झटपट कापायची फिरती सुरी, रोटरी कटर, जपानच्या ओल्फा कंपनीनं १९७९ मध्ये आणली आणि या सगळ्या वेगवान पद्धती तिच्यावर उभ्या राहिल्या. तरी बक्षीस म्हटलं की हातच्या टाक्यालाच, अशी समजूत होती. १९८९ मध्ये केंटकीतल्या पडूका गावच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर शिवलेल्या क्विल्टला सर्वोत्कृष्ट ठरवलं, तेव्हा बराच गहजब झाला. आज त्यावर कुणी वाद घालत नाही.

धावदोरा
दादा, माहितीबद्दल आभार, पण ती स्पर्धेच्या क्विल्टची गोष्ट झाली. नवं कापड, भिंतीवर टांगायचं. मी अंगावर घ्यायच्या जुन्या कापडाबद्दल बोलते आहे. पडूकाच्या परीक्षकांसमोर आईचं लुगडं नव्हतं.

माणदेशी
आमच्याकडे वाकळ म्हणतात. मशीनवर शिवलेली वाकळ मी बघितलेली नाही. एवढंच.

शनिवारातला
एक जुनी गोष्ट सांगतो. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा मी सात वर्षांचा. आमचा शनिवारातला वाडा पाण्यात गेला. आत्याकडे राहायला गेलो तेव्हा आजीनं भांड्यांच्या आधी चार गोधड्या चिखलातून ओढून नेल्या होत्या. खडकवासलाही फुटलेलं, नळ कोरडे. तिनं एकेक ओळ उसवली. एका टोकाला दोरा कापून ओढला की सबंध ओळ निघून यायची. थर सुटे केले, विहिरीचं पाणी शेंदून एकेक लुगडं वेगळं धुतलं, उघडीप मिळेल तशी आत्याच्या गच्चीवर वाळवली आणि तीच लुगडी पुन्हा एकावर एक घालून शिवली. त्यातली एक माझ्याकडे आहे.

मशीनच्या टाक्याला वरून एक दोरा, खालून बॉबिनचा दुसरा, दोन्ही थरांच्या मध्ये अडकलेले. तो असा ओढून निघतो का?

मशीनवाली_वारजे
काका, आजींना नमस्कार. ओढून निघत नाही, खरं आहे. टाके उसवायच्या रिपरनं चार-पाच टाक्यांवर कापत जावं लागतं. पण आज कोण गोधडी उसवून धुणार? मी सात किलोच्या वॉशिंग मशीनला झेपेल अशी शिवते. पाच थरांची ओली गोधडी दोघांना उचलत नाही, आणि वाळवणार कुठे?

गच्ची_बंद
नेमकं बोललात, वाळवणार कुठे! आमच्या सोसायटीच्या गच्चीला दोन वर्षं कुलूप आहे. दोऱ्या काढल्या. गॅलरीत कठड्यावर टाकलं तर "दर्शनी भाग खराब दिसतो" म्हणून चिठ्ठी येते. सासूबाईंच्या हातची गोधडी मी या पावसाळ्यानंतर खुर्च्यांवर पसरून पंख्याखाली वाळवली. चार दिवस लागले आणि कुबट वास गेला नाही तो नाहीच. हात की मशीन हा वाद ज्यांच्याकडे ऊन आहे त्यांचा.

चिटणीस_आहे
दोन्ही बाजू ऐका. मी अशाच एका कमिटीत आहे. गच्चीवर सोलरचे पॅनल आणि पाण्याच्या टाक्या असतात. लोक पाइपलाच दोऱ्या बांधतात. आमच्याकडे ओल्या सतरंजीच्या वजनानं पाइपचा जोड निखळला, वरचे तीन मजले दोन दिवस गरम पाण्यावाचून. खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समधून गेला. कुलूप हौसेनं लावत नाही कुणी.

गच्ची_बंद
पाइप तुटला तर पाइपाला बांधू नका म्हणा, सूर्यच बंद करता? गच्ची सगळ्या सभासदांची आहे. दोन लोखंडी खांब रोवून द्या, वार ठरवून द्या. तीन वार्षिक सभांत हे बोलले आणि तिन्ही वेळा "पुढचा विषय".

चिटणीस_आहे
खांब रोवायचे म्हणजे वॉटरप्रूफिंग फोडायचं. गळती लागली की तुम्हीच पहिली तक्रार कराल.

गच्ची_बंद
मी पहिल्या मजल्यावर राहते! आणि "तुम्हीच" म्हणजे काय? नीट बोला. खांब न रोवता सिमेंटच्या कुंडीत उभे करता येतात, माझ्या माहेरी सांगलीला तसेच आहेत.

धावदोरा
कृपा करा, धागा टाक्यांचा आहे.

शनिवारातला
ऊन हा गोधडीचाच विषय आहे, ताई. आजी दर अश्विनात सगळ्या गोधड्यांना ऊन दाखवायची. चिटणीससाहेब, कुंडीतल्या खांबांचं उत्तर द्या.

चिटणीस_आहे
कुंडीचा पर्याय आमच्याकडे कुणी मांडला नव्हता. रविवारी मीटिंग आहे, मांडतो. शब्द देत नाही.

पेठेतली_शिवणारी
एवढं वाचल्यावर बोलावंसं वाटलं. माझी आई दारोदार गोधड्या शिवायची. कोथरूड, कर्वेनगर, जाईल तिथे. लोक जुन्या साड्या द्यायचे, ती अंगणात, नाहीतर जिन्याखाली फरशीवर पसरून शिवायची. काठापासून आत, चौकोनात चौकोन. हातच्या टाक्याचं कौतुक करणाऱ्या बायकाच मजुरीला घासाघीस करायच्या. "जुनंच तर कापड आहे, एवढे कशाचे?" हे वाक्य मी तिच्याशेजारी बसून शंभरदा ऐकलं असेल. पन्नाशीला तिची बोटं वाकडी झाली. सुई चिमटीत धरवत नव्हती. तेव्हा मी हप्त्यावर मशीन घेतलं.

आता मी दोन्ही शिवते. हातच्या गोधडीचे आठ-दहा दिवसांचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक मशीनकडे वळतं. धावदोरा ताई, तुमचं कापडाचं म्हणणं बरोबर आहे, विरलेल्या लुगड्यावर मीही मशीन घालत नाही. पण तो हाताचा टाका कुणाच्या तरी हातातून येतो. त्याचे पूर्ण पैसे द्यायची तयारी असेल तरच मशीनला नावं ठेवा.

धावदोरा
तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. घासाघीस माझ्या घरीही झाली आहे. आई करायची, मी शेजारी उभी राहून गप्प बसायचे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तेव्हा दुपट्यापुरतं मशीन मान्य करते. बाळाचं दुपटं रोज धुवावं लागतं, दोन वर्षांत लहान होतं, त्याला महिना घालवणं परवडत नाही. जुन्या लुगड्याला मात्र अजूनही नाहीच.

मशीनवाली_वारजे
मग माझंही एक मान्य. "वेळ फुकट" हे शब्द चुकले, ती ओळ काढून टाकते.

आणि एक करून बघा. लुगडं वर घेऊच नका. खाली-वर नवं सुती कापड, तेही आधी धुऊन आटवलेलं, आणि वॅडिंगच्या जागी लुगड्याचे दोन थर. टाक्याचा ताण नवं कापड घेतं, विरलेलं आत सुरक्षित राहतं. ओळी चार बोटांच्या अंतरानं मारा, दाट नको. मी सासऱ्यांच्या धोतरांची अशी दोन केली आहेत, तीन वर्षं धुते आहे.

धावदोरा
हे सुचलं नव्हतं. फाटलेल्या लुगड्याचा अर्धा भाग अजून ट्रंकेत आहे, तो काढते. तो दात असलेला पाय काळ्या जुन्या मशीनला बसतो का?

पेठेतली_शिवणारी
बहुतेक बसतो, पण अंदाजानं घेऊ नका. तुमच्या मशीनचा पाय काढून बरोबर न्या, बोहरी आळीत शेजारी धरून उंची जुळवून बघा. आणि पहिली ओळ लुगड्यावर नको, आधी चिंध्यांवर मारा.