प्रतिसाद: बुलेटचा ब्रीदर आणि भिजलेला एअर फिल्टर

एअर फिल्टर ऑइलने भिजतो म्हणून ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीला बूच मारा, असं वर कुणीतरी सुचवलंय. अजिबात नको! वाट बंद केली की दाब ऑइल सीलमधून बाहेर पडतो.

कास्ट आयर्न (जुन्या बिडाच्या इंजिनाच्या) बुलेटला डकबिल, म्हणजे ब्रीदरची एकेरी झडप, असेल तर आधी ते तपासा. रबराची ही चोच पिस्टन खाली येताना उघडते, वर जाताना मिटते. कडक झाली किंवा चिरली की हवा उलटी आत ओढली जाते. किरकोळ वस्तू, बदलून टाका.

ऑइलची पातळी मात्र गाडी दहा मिनिटं चालवूनच बघा. आठवडाभर उभ्या गाडीत ऑइल टाकीतून क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या कप्प्यात) झिरपतं, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) कमी दाखवते, आपण वरून ओततो आणि सुरू केल्यावर जादाचं सगळं नळीतून बाहेर.

ब्रीदरमधून येणारं ऑइल साठवायला कॅच कॅन (छोटा डबा) लावला असेल तर त्याची नळी चढती ठेवा, मध्ये झोळ नको. कॅनमध्ये ताकासारखं पांढरं साचलं तर ते पाणी मिसळलेलं ऑइल, इंजिनात परत घालू नका.