मदत हवी आहे : संकरित कालवडींची जिनोमिक तपासणी करून घ्यावी का?

नमस्कार. संगमनेर तालुक्यात आमचा मुक्त संचार गोठा असून त्यातील बहुतेक गायी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित आहेत. कोणती कालवड ठेवायची, कोणती विकायची आणि लिंगनिर्धारित वीर्याची (ज्यातून बहुतेक कालवडीच जन्मतात) महाग कांडी कोणत्या कालवडीसाठी वापरायची, हे आम्ही आजवर आईच्या दुधावरून आणि वळूच्या नोंदीवरून ठरवत आलो. आता जिनोमिक तपासणीचा, म्हणजे जनुके वाचून जनावराच्या गुणांचा अंदाज बांधण्याचा, सल्ला मिळत आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पूर्वी वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून होत असे आणि त्यात पाच-सहा वर्षे जात. पुढे सुमारे 54,000 जनुकीय खुणा वाचणारी चिप आली आणि जानेवारी 2009 पासून अमेरिकेत होल्स्टीनची अधिकृत जिनोमिक मूल्ये प्रसिद्ध होऊ लागली. त्यामुळे गोऱ्हा लहान असतानाच त्याचा अंदाज बांधता येऊ लागला, एवढे मला वाचनातून समजले आहे. मात्र ते आकडे शुद्ध होल्स्टीन गायींच्या, तिकडच्या हवामानातील आणि तिकडच्या आहारावरील नोंदींतून निघालेले आहेत. आमच्या गायींत गीर आणि गावठी रक्त आहे, आणि मे महिन्यातील उन्हात त्यांचे दूध घटते. मग आयात वीर्याच्या पत्रकातील आकडा आमच्या गोठ्यात कितपत खरा ठरेल? कालवडीच्या अहवालावर विसंबून तिला विकावे का? शिवाय आमच्या गायी वारंवार उलटतात, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, आणि दुधापेक्षाही हे नुकसान मोठे आहे. त्यावर या निवडीचा काही उपयोग होईल का?

प्रतिसाद :

दादा, आपली शंका अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारी आहे. चिप केवळ खुणा वाचते. कोणत्या खुणेचे मोल किती, हे ज्यांचे दूध मोजले आहे आणि जनुकेही तपासली आहेत अशा गायींच्या संदर्भ समूहावरून ठरते. आपली कालवड त्या समूहापासून रक्ताने जितकी दूर, तितका अंदाज कच्चा. म्हणून परदेशी पत्रकाचा उपयोग तेथील वळूंची आपापसांत तुलना करण्यापुरता करावा. तेवढे लिटर आपल्याकडे वाढतील, असा अर्थ काढू नये.

5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम येथे देशी गोवंशासाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' यांचे लोकार्पण झाले. आपल्या दृष्टीने खरा प्रश्न चिपच्या नावाचा नसून तिच्यामागे संकरित गायींच्या दुधाच्या नोंदी किती आहेत, हा आहे. नमुना देण्यापूर्वी प्रयोगशाळेला तो अवश्य विचारावा आणि प्रत्येक मूल्यासोबत त्याची विश्वासार्हता लिहून मागावी. ती कमी असेल, तर केवळ अहवालावरून कालवड विकू नये. पहिल्या वेताचे दूध पाहून निर्णय घ्यावा.

तरीही तपासणी वाया जात नाही. एकाच आईबापाच्या दोन कालवडींना वंशावळीवरून सारखेच मूल्य मिळते, पण प्रत्यक्षात दोघींनी वेगवेगळी जनुके घेतलेली असतात आणि तो फरक जन्मतःच दिसतो तो फक्त या तपासणीत. शिवाय एचएफ रक्ताचे प्रमाण समजते, आणि बापाचा नमुना उपलब्ध असल्यास पितृत्वाची खात्री होते. रेतनाच्या नोंदीत चूक झालेली असेल, तर केवळ या एका गोष्टीसाठीही मी नमुना देण्याचा सल्ला देईन, कारण नकळत बापाचेच वीर्य मुलीला भरले जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

उलटण्याबाबत मात्र अपेक्षा आवरती ठेवावी. दुधाची आनुवंशिकता (गायी-गायींमधील फरकात जनुकांचा वाटा) साधारण पाव हिश्शाची असते, तर प्रजननक्षमतेची बहुधा दहा टक्क्यांहूनही कमी. अशा गुणधर्मासाठी संदर्भ समूह फार मोठा लागतो. त्यामुळे आधी माजाची वेळ, खनिज मिश्रण, गर्भाशयाचा दाह आणि उन्हाळ्यातील गारवा यांची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. आपल्या गोठ्यात प्रत्येक गायीचे दूध महिन्यातून एकदा तरी मोजून नोंदवले जाते का, ते कृपया कळवावे. पुढचा सल्ला त्यावर अवलंबून राहील.