पावसाळ्यात उघडा पडणारा गलबताचा सांगाडा: बाहेर काढावा की वाळूतच राहू द्यावा?

पुळणकाठ

नमस्कार. आमचे गाव देवगड तालुक्यात अगदी किनाऱ्यावर आहे. यंदा आषाढातल्या उधाणाने पुळणीची बरीच वाळू ओढून नेली आणि एरवी जिथे मुले क्रिकेट खेळतात, तिथे लाकडाच्या काळ्या फासळ्या वर आल्या. ओहोटीला जाऊन मोजल्या, तर अकरा भरल्या. त्यांतल्या दोन छातीएवढ्या उंच आहेत आणि बाकीच्या गुडघ्यापर्यंतच्या. लाकूड बोटाने दाबले तर वरचा थर ओल्या पुठ्ठ्यासारखा दबतो, मात्र आत घट्ट लागते. खिळ्यांच्या भोकांभोवती हिरवट डाग आहेत. आसपास कौलांचे तुकडेही मिळाले. त्यांतल्या एकावर इंग्रजी ठसा आहे, पण 'मंगलोर' एवढाच शब्द लागतो. आमच्या शेजारच्या आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या लहानपणीही हा सांगाडा एकदा असाच दिसला होता आणि पुढे गडप झाला.

गावात सर्वांचे एकमत आहे की हे आंग्र्यांचे गलबत असावे. विजयदुर्ग येथून फार लांब नाही, त्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. दिवाळीपूर्वी जेसीबी लावून ते बाहेर काढावे, देवळाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली ठेवावे आणि वरून वॉर्निश मारावे, असे ठरत आले आहे. माझे मन मात्र साशंक आहे.

याला जोडूनच दुसरा प्रश्न. लहानपणी वडिलांनी मला मुरूडच्या पद्मदुर्गावर नेले होते आणि मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा जाऊन आलो. तटाचे दगड आत खोल झिजलेले आणि मधला चुना जाळीसारखा बाहेर उभा, हे दृश्य पाहून मी गोंधळलो. दगडाआधी चुना जायला हवा, अशी माझी समजूत होती. एकाच समुद्रात दगड झिजतो आणि वाळूतले लाकूड टिकते, हे कसे काय?

जुनी गोदी

आपला प्रश्न वेळेवर आला आहे, म्हणून आधी मुद्द्याचे सांगतो. कृपया ते लाकूड उपसू नका, आणि वॉर्निशचा विचार तर पूर्णपणे सोडून द्या.

लाकूड टिकले ते समुद्रामुळे नव्हे, वाळूमुळे. उघड्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा असतो. दिसायला तो अळीसारखा असला तरी प्रत्यक्षात शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. उघड्यावर पडलेले लाकूड तो काही वर्षांत चाळणीसारखे करून टाकतो. आपल्याकडे पूर्वी होड्या दरवर्षी किनाऱ्यावर ओढून तळाला मुशीचे तेल चोपडत, त्यामागे हाही हेतू असे. पण तेच लाकूड वाळूत किंवा गाळात गाडले गेले की प्राणवायू पोहोचत नाही, किडा जगत नाही आणि बुरशीही वाढत नाही. इंग्लंडच्या 'मेरी रोझ' या युद्धनौकेचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. ती १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये वर काढली, तेव्हा निम्मीच हाती आली. ज्या बाजूवर ती कलंडून गाळात रुतली होती ती बाजू शिल्लक होती, वरची उघडी बाजू समुद्राने खाऊन टाकलेली होती.

आता बाहेर काढण्याविषयी. आपण बोटाने जे दाबून पाहिले, ते लाकूड म्हणजे पाण्याने भरलेला स्पंज आहे. त्याच्या पेशींमधला कठीण भाग जिवाणूंनी हळूहळू खाल्लेला असतो आणि त्या जागी पाणी असल्यामुळेच आकार टिकून राहिलेला असतो. शेडखाली हे पाणी सुकले की पेशी आत चेपतात, लाकूड आकसते, पिळवटते आणि उभे तडकते. स्टॉकहोमची 'वासा' १६२८ मध्ये बुडाली व १९६१ मध्ये काढली. तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या द्रव्याचे फवारे तब्बल १७ वर्षे मारले गेले. एवढे करूनही २००० सालच्या सुमारास लाकडात साठलेल्या गंधकाचे आम्ल होऊन त्याचे डाग बाहेर येऊ लागले. बाल्टिक समुद्रात खारटपणा कमी असल्याने जहाजकिड्याचा त्रास तिला कधी झालाच नव्हता, हे वेगळेच. स्वीडनसारख्या देशाला जे इतके जड गेले, ते आपल्या देवळाच्या आवारात वॉर्निशच्या चार डब्यांत होईल असे मला वाटत नाही.

आंग्र्यांविषयी बोलायचे तर गावाचा हिरमोड करण्याची माझी इच्छा नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या हल्ल्यात आंग्र्यांचे आरमार जळाले, ते विजयदुर्गाच्या बंदरात. त्यातले एखादे गलबत जळता जळता आपल्या पुळणीवर येऊन लागले, असे म्हणण्यासाठी पुरावा हवा. उलट आपल्याच हातात विरुद्ध बाजूचा पुरावा आहे, तो म्हणजे कौल. मंगलोर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. गोव्याजवळ सेंट जॉर्ज खडकाशी बुडालेल्या एका जहाजाचा काळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी अशाच ठसे असलेल्या मातीच्या मालावरून ठरवला. आपली कौले त्या सांगाड्यातलीच असतील, तर हे गलबत १८६५ नंतरचे ठरते. बहुधा मंगलोरहून मुंबईकडे कौले वाहणारी एखादी पत्तेमारी, म्हणजे शिडाचे मालवाहू गलबत असेल. अर्थात कौल एखाद्या पडक्या घरातूनही वाहून येऊ शकते, म्हणून ते फासळ्यांच्या आत सापडले की बाहेर, याची नोंद ठेवा. हिरवट डाग तांब्याच्या किंवा पितळेच्या खिळ्यांचे आहेत, पण तसे खिळे फार मोठ्या काळात वापरले गेल्याने त्यावरून साल ठरणार नाही.

मिऱ्याकर

लाकडाविषयी वरचे सर्व मान्य. मला लोखंडी जहाजाविषयी थोडे सांगायचे आहे, कारण ते आम्ही रोज उठून पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीत आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. तेरा खलाशी सुखरूप उतरले, जहाज मात्र वर्षानुवर्षे तिथेच राहिले. पहिल्या पावसाळ्यानंतर ते अजून जहाज वाटत असे. पुढे रंग गेला, मग पत्रा पापुद्र्यांनी सुटू लागला आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला भाग सगळ्यात आधी कुरतडला गेला. जो भाग कायम पाण्याखाली असतो तो त्यामानाने सावकाश गंजतो. दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा वाळतो, तोच पट्टा मरतो. लोक तिथे फोटो काढायला येत आणि 'किती जुने आहे हो हे?' असे विचारत. इथे आदळून दोनच वर्षे झाली म्हटले की त्यांचा विश्वास बसत नसे.

दुसरी गोष्ट अशी की जहाज बदलते तसे ते किनाऱ्यालाही बदलते. गोव्यात कांदोळीला 'रिव्हर प्रिन्सेस' हे खनिजवाहू जहाज २००० च्या जूनमध्ये वाळूत रुतले आणि ते पूर्ण हलवायला २०१२ उजाडले. त्या काळात ते वाळूत खोल खोल बसत गेले आणि लाटांच्या वाटेत आडवे पडल्याने आजूबाजूच्या किनाऱ्याची धूप झाली. आपला सांगाडा लहान आहे, तरी अकरा फासळ्यांभोवती वाळू कशी साठते आणि कशी खणली जाते, हे पाहण्यासारखे असेल.

चुनखडी

पद्मदुर्गाच्या चुन्याचे उत्तर मी देतो.

तटावर लाटा आपटतात म्हणून दगड झिजतो, हे अर्धेच खरे आहे. लाटेपेक्षा मीठ अधिक चिवट. खारे पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरते, ऊन पडले की पाणी उडून जाते आणि मिठाचे स्फटिक आत वाढतात. प्रत्येक वेळी ते छिद्राच्या भिंतींवर दाब देतात आणि दगडाचा एकेक कण सुटत जातो. बेसॉल्टही सगळा एकसारखा नसतो आणि जांभा तर उघडपणे सच्छिद्र असतो. चांगला मळलेला, घट्ट बसलेला चुना मात्र हवेतला कर्बवायू शोषून वर्षानुवर्षे कठीण होत जातो. त्यामुळे दगड आत गेला आणि सांधा बाहेर राहिला. जवळून पाहिलेत तर चुन्याच्या त्या भिंतीवर मूळ दगडाच्या कडेचा ठसाही दिसेल. दगड गेला आहे, पण तो केवढा होता हे चुन्याने धरून ठेवले आहे. मला तर हा सगळा तट उलटा छापल्यासारखा वाटतो.

आता याच्या अगदी विरुद्ध रचना अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर पाहा. तिथे समुद्राकडच्या तटात मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट येते, फटींतून पाणी आत शिरते, जोर विभागला जातो आणि पाणी परत निघून जाते. एकाच समुद्रासाठी केलेल्या या दोन निरनिराळ्या योजना आहेत. सिंधुदुर्गाच्या बांधकामाला १६६४ मध्ये सुरुवात झाली आणि त्याच्या पायात शिसे ओतल्याचे सर्वश्रुत आहे, ती तिसरी योजना.

म्हणूनच दुरुस्तीच्या नावाखाली जे चालते त्याने मला त्रास होतो. एका किनारी किल्ल्यावर (नाव घेत नाही) काही वर्षांपूर्वी सांधे सिमेंटने भरलेले मी स्वतः पाहिले. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, मग ती दगडातूनच वाट काढते आणि मीठही दगडातच साठते. चार पावसाळ्यांनंतर मी पुन्हा गेलो तेव्हा सिमेंटची रेघ जशीच्या तशी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड पिठासारखा हाताला लागत होता. पद्मदुर्गावर जे व्हायला तीन शतके लागली, ते इथे चार वर्षांत सुरू झाले होते.

आणखी एक. किल्ला 'होता तसा' राहावा असे आपण म्हणतो, तेव्हा कोणत्या दिवशीचा हे कुणी विचारत नाही. विजयदुर्ग एके काळी चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला होता, आज पूर्वेचा खंदक बुजवून केलेल्या रस्त्याने आपण चालत आत जातो. हर्णैला सुवर्णदुर्गासमोरच्या फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. खांदेरीवरचे दीपगृह १८६७ चे, म्हणजे शिवकाळानंतर जवळपास दोनशे वर्षांनी आलेले. ते काढून टाकावे असे कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

तांडेलाचा नातू

सर्वांनी अभ्यासपूर्ण लिहिले आहे. मी फक्त वाळूचे सांगतो. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात आणि पाऊस सरल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. नारळी पौर्णिमेनंतर आम्ही शाकारलेल्या होड्या उघडून पाण्यात लोटतो, तेव्हा पुळण खाली गेलेली असते. दिवाळीनंतर तीच पुळण कमरेइतकी वर आलेली असते. आपला सांगाडा आपण काही न करता झाकला जाईल. जेसीबीने मात्र वाळूचा थर कायमचा विस्कटेल.

आजोबांनी तो लहानपणी पाहिला होता, यावरून तो उघडा पडून पुन्हा झाकला जातो हे कळते. तेव्हा त्याच्या किती फासळ्या उभ्या होत्या, हे त्यांना जरूर विचारा.

पुळणकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजोबांना विचारले. त्यांच्या आठवणीप्रमाणे तेव्हा फासळ्यांवर फळ्याही होत्या आणि मुले त्यावरून पाण्यात उड्या मारीत. म्हणजे मधल्या काळात फळ्या गेल्या. त्या समुद्राने नेल्या की चुलीत गेल्या, यावर आजोबा फक्त हसले.

कौलांचे तीन तुकडे फासळ्यांच्या आतल्या बाजूला, वाळूत रुतलेले सापडले. त्यांतल्या एकाला अजून जळका काळा थर आहे. 'मंगलोर' हा ठसा असलेला तुकडा मात्र बाहेरचा होता. ग्रामसभेत मी कौलाचा मुद्दा मांडला, तेव्हा आंग्र्यांच्या बाजूने बरीच नाराजी झाली. शेवटी 'बाहेर काढल्यास लाकूड तडकेल' हे ऐकल्यावर जेसीबी रद्द झाला. काही मंडळींचा आग्रह आहे की किमान दोन फासळ्या तरी आणाव्यात.

जुनी गोदी

दोन आणल्या तर त्या दोन तडकतील, हिशोब तोच. राज्य पुरातत्त्व विभागाचे कार्यालय रत्नागिरीत आहे, त्यांना आणि तहसीलदारांना लेखी कळवा. तोवर सांगाड्याचे मोजमाप करून ठेवा. किनाऱ्यावरच्या दोन न हलणाऱ्या खुणा निवडा, दोन्हींपासून प्रत्येक फासळीचे अंतर टेपने घ्या आणि माणूस शेजारी उभा करून फोटो काढा. कौलांचे तुकडे जिथे होते तिथेच राहू द्या, पण त्यांचेही अंतर नोंदवा. जळक्या थराचा तुकडा एकटाच असेल तर त्यावरून जहाज जळाले असे म्हणू नका. भट्टीतही कौल काळे पडते.

हे जहाज आपण वाळूखालीच ठेवायला शिकतो आहोत, तर दुसरीकडे निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौदलाची नौका २०२५ मध्ये निवतीजवळ पाण्याखाली नेऊन तिचे संग्रहालय करण्यासाठी राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे दिली गेली, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

पुळणकाठ

पत्र दिले, पोच मिळाली. देवळाची दीपमाळ आणि जुन्या विहिरीचा कठडा अशा दोन खुणा धरून मोजमाप केले. टेप धरायला आजोबाच होते. काल पुन्हा गेलो, तेव्हा वाळू परत येऊ लागली होती. गुडघ्याएवढ्या फासळ्यांपैकी चार झाकल्या गेल्या आहेत. उंच दोन अजून दिसतात, आणि त्यांतल्या एकीवर कालवे धरली आहेत.