राजदूत ३५०: उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर. रिंगा की क्रँकचं सील? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय.

माझ्याकडे मामाची राजदूत ३५० मोटरसायकल आहे, १९८५ची. मामा चादरीच्या कारखान्यात कामाला होता. तो गेल्यावर चार वर्षं गाडी अंगणात एका जुन्या चादरीखाली उभी होती. दिवाळीत मामीने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुला येते ना चालवायला, मग तूच ने." टाकी धुतली, दोन्ही कार्बोरेटर आणि पॉइंट साफ केले, टायर बदलले. तिसऱ्या किकला सुरू झाली. मामी दारात उभी राहून रडली.

आता अडचण. उजव्या सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. डावीकडून अगदी नेहमीचा, टू-स्ट्रोकला असतो तेवढाच. तुळजापूरला जाऊन आले तेव्हा घाट उतरताना थ्रॉटल सोडला की मागचा रस्ता दिसेना. घरी येऊन गिअरचं ऑइल बघितलं तर पाव लिटर कमी. खाली जमिनीवर थेंबसुद्धा नाही. मग दोन्ही सायलेन्सरच्या तोंडामागे पांढरा पुठ्ठा धरला. डाव्या बाजूला तपकिरी बारीक ठिपके, उजव्या बाजूला काळे, ओले, बोटाला चिकटणारे शिंतोडे. प्लगची अदलाबदल केली, कार्बोरेटरचीही केली. धूर उजवीकडेच.

इथले मिस्त्रीकाका म्हणतात, रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या. दोन्ही सिलिंडर बोअर करू (आतून कोरून मोठे करू) आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकू. काकांचा हात फार चांगला आहे. तरुणपणी त्यांनी ट्रायम्फ आणि बीएसए या ब्रिटिश कंपन्यांच्या ट्विन (दोन सिलिंडरच्या गाड्या) उघडून बांधल्यात, पण राजदूत ३५० त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली. हेड काढल्यावर एक पिस्टन वर आणि एक खाली बघून ते थबकले. म्हणाले, "ताई, ट्विनचे दोन्ही पिस्टन सोबत वर येतात. ही क्रँक कुणीतरी चुकीची दाबून बसवलीय." (क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा.)

यावर मी आठवडाभर विचार केला. माझी समजूत खाली मांडते, चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

काका ज्या गाड्यांवर शिकले त्यांचं मूळ डिझायनर एडवर्ड टर्नरच्या १९३७च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्ये आहे. ४९८ सीसी, ६३ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ८० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), फोर-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये एक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. दोन्ही पिस्टन सोबत वर-खाली करतात, एका फेरीत डावा पेटतो, पुढच्या फेरीत उजवा. ठोके समान अंतरावर पडतात. हीच ३६० अंशांची क्रँक. दोन पिस्टन एकदम थांबतात, एकदम पळतात, म्हणून थरथर मात्र भरपूर. नॉर्टनने कमांडोमध्ये इंजिन रबरावर टांगलं ते याच त्रासापायी.

राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०, जी एस्कॉर्ट्सने इथे १९८३पासून बनवली. ३४७ सीसी, ६४ मिमी बोअर, ५४ मिमी स्ट्रोक, टू-स्ट्रोक. इथे प्रत्येक सिलिंडर दर फेरीला पेटतो. पिस्टन सोबत ठेवले तर दोन्ही एकाच क्षणी पेटतील. समान ठोके हवे असतील तर एक वर, एक खाली, म्हणजे १८० अंशांचीच क्रँक हवी. म्हणजे क्रँक बरोबर आहे, असं माझं मत. जावा ३५०चंही तसंच (तिचा बोअर ५८, स्ट्रोक ६५). येझदी २५०ला दोन सायलेन्सर बघून पुष्कळ जण तिलाही ट्विन म्हणतात, पण ती एकाच सिलिंडरची.

आता खरा मुद्दा क्रँककेसचा, म्हणजे क्रँक ज्यात फिरते त्या पेटीचा. ट्रायम्फमध्ये दोन्ही पिस्टनखाली एकच मोकळी जागा. पंपाने दाबून आलेलं ऑइल बेअरिंगमधून तिथे पडतं आणि परत ओढून टाकीत जातं. पिस्टन खाली आले की आतली हवा दबते, तिला बाहेर जायला ब्रीदर लागतो. तिथून ऑइल जळायला वर जाणार ते रिंगांवरून किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून. म्हणून धूर दिसला की काकांचं बोट आधी रिंगांवर जातं, आणि त्या गाड्यांसाठी ते बरोबरच आहे.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, रीड व्हॉल्व्ह (आतच उघडणारी पातळ पट्टीची झडप) उघडून पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन खाली आला की तीच दाबली जाऊन वर जाते. म्हणून दोन सिलिंडरना दोन स्वतंत्र, हवाबंद खोल्या लागतात. मध्ये लॅबिरिंथ सील (न टेकता नुसत्या खाचांनी अडवणारं), दोन टोकांना रबरी सील. उजव्या टोकाच्या सीलपलीकडे क्लच आहे आणि क्लच गिअरच्या ऑइलमध्ये फिरतो. ते सील चार वर्षांत कडक होऊन चिरलं असेल, तर प्रत्येक फेरीला उजवी खोली गिअर ऑइल शोषणार. थ्रॉटल बंद केला की ओढ वाढणार, म्हणून घाटात धूर वाढला. ऑइल कमी होतं आणि जमिनीवर सांडत नाही, तेही यात बसतं. त्यात कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळपास सारखं आहे, डावीकडे ११० आणि उजवीकडे १०८. रिंगा गेल्या असत्या तर एवढं सारखं आलं असतं का?

मला हे जाणून घ्यायचंय:

सीलच फाटलंय याची खात्री इंजिन न उघडता, बाहेरूनच कशी करायची? आणि क्लच, प्रायमरी गिअर काढून उजवं सील बाहेरून ओढता येतं का, की क्रँककेस उघडावीच लागते? बोअर एकदा केला की मूळ माप गेलं. मामाने हे सिलिंडर कधी लेथवर चढवू दिले नाहीत, मलाही विनाकारण चढवायचे नाहीत.

रविवारी रात्री भर घालतेय.

प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दाब देऊन तपासायचा सल्ला दिलात, तो केला. दोन्ही एक्झॉस्ट आणि एक कार्बोरेटरचं तोंड सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांनी बंद केलं, दुसऱ्या तोंडात नळी बसवून बीपी मशीनचा फुगा जोडला. मधलं लॅबिरिंथ गाडी उभी असताना पूर्ण अडवत नाही, तेव्हा दोन्ही खोल्या एकदमच तपासा, असं तुम्ही सांगितलं होतं. काटा २५० वर नेला. मिनिटभरात शून्य. डाव्या टोकाला, पॉइंटच्या बाजूला, साबणाचा फेस लावला होता, एक बुडबुडा नाही. गिअर ऑइलचं झाकण उघडून कान लावला तर आत बुडबुड आवाज. काकांना बोलावून पुन्हा पंप केला. त्यांनी बराच वेळ कान लावला, मग म्हणाले, "बोअर नको. सील आणा."

डावीकडचं सील सध्या धरतंय, पण तेही त्याच वयाचं. ते फाटलं तर ऑइल नाही, हवा आत ओढली जाईल, मिश्रण पातळ होईल आणि सोलापूरच्या मे महिन्यात पिस्टन जाम व्हायला वेळ लागणार नाही. तेव्हा दोन्ही टोकांची सीलं एकदमच बदलायची ठरवलीत. क्रँक प्रेसवर न उघडता मधलं लॅबिरिंथ निघत नाही, त्याला हात लावत नाही.

उजवं सील बाहेरून निघतं का, याचं उत्तर अजून हवंय. ज्यांनी स्वतः काढलंय त्यांनीच सांगा, आणि जमल्यास सीलच्या बाहेरच्या कडेचा फोटो टाका. काका गड्ड्याची यात्रा उरकली की काम हातात घेणार आहेत.