मदत हवी आहे : कोयनेच्या पाण्याखालचे गाव जुन्या नकाशावरून शोधताना

नमस्कार मंडळी,

माझ्या आजीचे माहेर कोयना खोऱ्यात होते. धरणात गाव गेल्यावर ते घर रायगड जिल्ह्यात आले आणि आजीच्या बोलण्यात नुसते 'खालचे गाव' उरले. त्याची जागा शोधण्यासाठी मी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या धरणापूर्वीच्या, एका इंचाला एक मैल प्रमाणाच्या नकाशाची (47 जी मालिका) प्रत मिळवली आहे.

मला सर्वांत नवल वाटले ते वाटांचे. आज बामणोलीहून लाँचने जाणाऱ्याला हे खोरे जगापासून तुटलेले वाटते. परंतु नकाशात महाबळेश्वराकडून दक्षिणेला हेळवाकपर्यंत येणारी नदी ओलांडून जाणाऱ्या पायवाटा आहेत, आणि त्या सह्याद्री चढून घाटांनी कोकणात उतरतात. कोकणातून मिठाचे बैल दारावरून जात, असे आजी सांगे, तेव्हा आम्ही हसत असू. तिच्या गावाचे लाल ठिपके मात्र अशाच एका वाटेवर, देवळाच्या खुणेला लागून आहेत.

आता अडचण. शिवसागराची (कोयना धरणाच्या जलाशयाची) पूर्ण पातळी 2163 फूट आहे आणि या नकाशातील समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) 50 फुटांच्या अंतराने काढल्या आहेत, त्यामुळे तलाव भरलेला असतानाच्या उपग्रहचित्रातील काठ 2150 फुटांच्या रेषेच्या किंचित वर यायला हवा. क्यूजीआयएसमध्ये (नकाशांवर काम करण्याच्या संगणक प्रणालीत) नकाशा उपग्रहचित्रावर बसवल्यावर पूर्वेकडे तो तसा येतो, पश्चिमेकडे मात्र सुमारे दोन फर्लांग (चारशे मीटर) सरकतो. नदीचे संगम आणि नदी पायी ओलांडण्याचे जुने उतार पाण्याखाली असल्यामुळे मी घेतलेले सर्व नियंत्रणबिंदू, म्हणजे नकाशा आणि चित्र दोन्हींत ओळखता येणाऱ्या जागा (वासोटा, मकरंदगड आणि इतर शिखरे) डोंगरमाथ्यावरचे आहेत. खोऱ्याच्या तळाशी एकही नाही.

नकाशा एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर) आधारलेला आणि उपग्रहचित्र डब्ल्यूजीएस 84 या आजच्या प्रतिमानावर, हे मी जमेस धरले आहे. तशी चूक राहिली असती तर दोन्ही काठ सारखेच सरकले असते. त्यामुळे माझा संशय घडी घातलेल्या कागदावर आहे, कारण प्रत स्कॅन न करता फोनने टिपली आहे.

नकाशाच्या चौकटीवरील अक्षांश-रेखांशांचे छेदबिंदू घेऊन पुन्हा बसवावे, की 2150 फुटांची रेषाच आधार धरून पश्चिम बाजू ताणावी? दुसऱ्या मार्गात ज्याची पडताळणी करायची तेच गृहीत धरल्यासारखे होईल, अशी मला शंका आहे. शिवाय उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पश्चिम काठावर उघडी पडणारी देवळे कोणी पाहिली असल्यास त्यांची ठिकाणे कृपया कळवावीत. तळाचा एक बिंदू मिळाला तरी पुष्कळ काम होईल.